सेंद्रिय रसायनशास्त्रातल्या रेषा आणि बाण नेमके वाचायचे कसे?

नागमोडी रेषा, षटकोन, वाकडे बाण. अकरावीत सेंद्रिय रसायनशास्त्र सुरू झालं की वहीत हेच दिसू लागतं. अनेक विद्यार्थी या आकृत्या पाठ करतात. पण ही एक लिपी आहे आणि तिचे नियम कळले तरच ती वाचता येते.

न काढलेले अणू

तीन रेषांची नागमोडी आकृती काढा. तिला दोन टोकं आणि दोन वळणं आहेत. या प्रत्येक ठिकाणी एक कार्बन असतो. कार्बन चार बंध करतो, त्यामुळे उरलेल्या जागी हायड्रोजन धरायचे: टोकांना तीन-तीन, वळणांवर दोन-दोन. हा झाला ब्युटेन, म्हणजे एलपीजी सिलिंडरमधला एक वायू. अक्षर एकही नाही, पण अणू 14!

कागद सपाट, रेणू नाही

भरीव पाचर म्हणजे आपल्याकडे येणारा बंध, तुटक पाचर म्हणजे मागे जाणारा. कार्व्होन या रेणूची दोन रूपं एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. एकाला स्पेअरमिंट पुदिन्याचा वास येतो, तर दुसऱ्याला कॅरावे या जिऱ्यासारख्या मसाल्याचा. कागदावर मात्र फरक फक्त एका पाचरीचा.

बाण काय सांगतो?

केरमॅक आणि रॉबर्ट रॉबिन्सन यांनी 1922 मध्ये अभिक्रिया समजावण्यासाठी वाकडे बाण वापरले. इलेक्ट्रॉनची जोडी कुठून निघून कुठे जाते, हे बाण दाखवतो. विद्यार्थ्यांना मात्र अणूच सरकतोय असं वाटतं आणि बाण उलटा पडतो.

ही अडचण फक्त नवख्यांची नाही. गौतम भट्टाचार्य आणि जॉर्ज बॉडनर यांनी 2005 मध्ये अमेरिकेतल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेही बाण काढत होते ते अपेक्षित उत्तरापर्यंत पोहोचण्यासाठी. त्या बाणांमागे प्रत्यक्ष काय घडतं, याचा विचार फारसा नव्हता.

मग शिकायचं कसं?

- सुरुवातीला लपलेले सगळे कार्बन-हायड्रोजन लिहून काढा.
- गोळे-काड्यांचं मॉडेल बनवा, ते फिरवा आणि प्रत्येक बाजूने दिसेल तसं कागदावर उतरवा.
- प्रत्येक बाण एका वाक्यात सांगा: कोणती जोडी, कुठून कुठे आणि का?

यातलं ‘का’ सांगता आलं नाही, तर तो बाण पाठ झालाय, समजलेला नाही. आणि परीक्षेत अनोळखी रेणू आला की पाठांतर तिथेच अडतं.