इंग्लंडांतील मोफत औषधोपचार व त्याचा हिशेब

राजकारणांत आंकड्यांचा उपयोग बहुधा प्रतिपक्षास भेडसावण्यासाठीं होतो. त्यांनीं एखादा वाद मिटविला असें क्वचितच आढळतें. ब्रायन एबल-स्मिथ व रिचर्ड टिटमस यांनीं इंग्लंड व वेल्समधील राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या खर्चावर लिहिलेलें जें पुस्तक १९५६ सालीं केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयानें प्रसिद्ध केलें, तें अशा क्वचित् उदाहरणांपैकीं होय.

ही सेवा ५ जुलै १९४८ रोजीं सुरू झाली. आरोग्यमंत्री अन्यूरिन बेव्हन यांच्या योजनेप्रमाणें डॉक्टर, औषध, रुग्णालय, दांतांची कवळी, चष्मा यांपैकीं कशासहि रोग्याकडून दाम घ्यावयाचा नव्हता. भार मुख्यतः करांवर. पहिल्याच वर्षांत पन्नास लाखांहून अधिक चष्मे वाटले गेले. ज्यांना आजवर नीट दिसत नव्हतें, त्यांना दिसूं लागलें. खजिन्याच्या अधिकाऱ्यांना मात्र यांत दिसली ती उधळपट्टी! अंदाजपत्रकांतील रकमा अपुऱ्या पडून पुरवणी मागण्या येऊं लागल्या. १९५१ सालीं गेटस्केल यांनीं कवळ्या व चष्मे यांवर आकार बसविला, तेव्हां बेव्हन यांनीं मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढें हुजूर पक्ष अधिकारावर आला आणि १९५२ मध्यें औषधाच्या चिठ्ठीमागें एक शिलिंग पडूं लागला. ही सेवा देशास झेपणारी नाहीं, हें मत आतां जवळजवळ सर्वमान्य झालें होतें.

याच समजुतीच्या भरांत १९५३ सालीं केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ गिलबो यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी-समिती नेमली गेली. काटकसरीचे मार्ग ती दाखवील, ही नेमणाऱ्यांची अपेक्षा उघड होती. हिशेबाचें काम आलें तें नुकतीच पंचविशी ओलांडलेल्या एबल-स्मिथकडे. सल्लागार म्हणून लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयांतील प्राध्यापक टिटमस त्याच्या पाठीशीं होते.

त्यानें विचारलेला प्रश्न कोणत्याहि गृहिणीला सुचण्यासारखा आहे. वाण्याचें बिल गेल्या वर्षापेक्षां वाढलें, तर घरांत धान्य अधिक खपलें कीं धान्यच महाग झालें? आणि बिल वाढलें तसें घरधन्याचें उत्पन्नहि वाढलें कीं नाहीं? सरकारी जमाखर्चांत हे प्रश्न विचारण्याची रीत नव्हती. तेथें रक्कम फुगली एवढेंच दिसे. एबल-स्मिथनें ते हिशेब किंमतींची वाढ वजा करून नव्यानें मांडले, आणि खर्चाची तुलना देशाच्या एकूण उत्पादनाशीं केली. १९४९-५० मध्यें आरोग्यसेवेचा वांटा शेंकडा ३.७५ होता; १९५३-५४ मध्यें तो ३.२५ वर आला होता. बेसुमार वाढल्याचा ज्याचा गवगवा होता, तो खर्च देशाच्या ऐपतीच्या मानानें घटला होता! शिवाय वृद्धांची संख्या वाढल्यानें पुढें सेवा कोलमडेल, ही भीतीहि फारशी साधार नाहीं, असें त्यानें गणितानें दाखविलें.

नव्या इमारतींचा विषय तर याहून बोलका होता. रुग्णालयांच्या बांधकामावर होणारा खर्च युद्धपूर्वकाळाच्या मानानें फारच तुटपुंजा निघाला. उधळपट्टी हुडकावयास निघालेल्या समितीच्या हातीं कंजूषपणाचा पुरावा लागला, आणि १९५६ च्या जानेवारींतील अहवालांत तिनें या बांधकामासाठीं अधिक पैसा मागितला.

दोघेहि लेखक या सेवेचे पक्षपाती होते, हें लपविण्यासारखें नाहीं. परंतु पक्षपाती माणसाचा हिशेब चुकीचाच असतो असें नाहीं. त्यानें तो उघड मांडला म्हणजे झालें. आमच्या मतें या पुस्तकाचें खरें उणें दुसरीकडे आहे. पैसा किती लागला हें तें सांगतें. त्या पैशानें कोण किती बरा झाला, हें सांगत नाहीं. हा दुसरा प्रश्न आर्ची कॉक्रेन या वैद्यानें १९७२ सालच्या आपल्या पुस्तकांत धसास लावला.

हा अहवाल अनेकांना रुचला नाहीं, पण सेवेच्या मुळावर येणारी ओरड त्यानंतर बरीच मंदावली. १९६२ मध्यें हुजूर पक्षाच्याच इनॉक पॉवेल या मंत्र्यानें नव्वद नवीं रुग्णालयें बांधण्याची योजना मांडली. एबल-स्मिथनें तेंच माप पुढें जागतिक आरोग्य संघटनेसाठीं वापरलें: १९६३ सालीं सहा देशांच्या आरोग्यखर्चावर, आणि १९६७ सालीं त्याहून अनेक देशांच्या खर्चावर त्याचे ग्रंथ निघाले. तो १९९६ मध्यें वारला. एखादा देश आरोग्यावर उत्पन्नाचा शेंकडा किती भाग वेंचतो, हा आंकडा आज वर्तमानपत्रांतहि सर्रास छापला जातो.