उलट्या आट्यांची गोष्ट

पुणे म्हणजे सायकलींचे शहर, असा एके काळी लौकिक होता. १९५४ मध्ये पवनेपलीकडे पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला आणि पिंपळे सौदागरसारख्या शेतकरी गावांच्या शेजारी पाळीचे जीवन सुरू झाले. तोवर १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलास निघाली होती. १९५६ मध्ये लुधियानाला हीरो आली. विलायती गाडीची मिरास सरली.

साहेब गेला, पण त्याचे आटे राहिले! पायडलाच्या आसाला दोन बाजूंस दोन वाट्या. प्रत्येकीत पाव इंची अकरा छर्रे. साखळीकडच्या वाटीचे आटे मात्र उलटे. ते सुलटे असते, तर पायडल मारता मारताच वाटी सैल झाली असती. हे न कळून लहानपणी मी डावीकडची वाटी उजवीकडे ठोकून पिळली. फ्रेमचे आटे गेले. वडील दोन महिने कामावर पायी गेले. बोलले मात्र काही नाहीत. ते न बोलणेच अजून सलते.

छर्रा झिजला, की वाटीला चर पाडतो. वाटी झिजली, की आस खाते. स्वस्त वस्तू वेळीच बदलली, तर महाग वस्तू वाचते. वाचकहो, खंडेनवमीला सायकलीला झेंडूची माळ घातलीत ना? आता दिवाळीत तिचे छर्रेही एकदा पाहा!