एकाच आडनावाची दोन दुकानं

विट्यात आमच्या अब्बांचं अत्तर, उदबत्ती, सुरमा, शिकेकाई आणि काष्ठौषधींचं छोटं दुकान होतं. पाटीवर एकच शब्द होता, 'अत्तार'. आडनावही तेच आणि धंदाही तोच. १९९४ साली अब्बांच्या चुलतभावांनी त्याच रस्त्यावर, पंधरा-वीस दुकानं सोडून, तसंच दुकान टाकलं. त्यांनीही पाटीवर 'अत्तार' लिहिलं. दुसरं काय लिहिणार? त्यांचंही आडनाव तेच होतं.

एक दिवस भाळवणीकडची एक बाई शिकेकाईची पुडी घेऊन आली. "तुमच्याकडनंच नेलीया, निम्मी माती हाय बघा." पुडीचा कागद आमचा नव्हता. अब्बांनी पुडी हातात घेऊन वास घेतला, पैसे परत दिले आणि वर आपल्याकडची पुडी दिली. ती गेल्यावर मी चिडलो, "अब्बा, ही आपली पुडी नव्हती." ते म्हणाले, "पुडी अपनी नहीं, पर नाम तो अपनाच है ना."

पुढे प्रकरण पुडीपुरतं राहिलं नाही. मुंबईच्या होलसेलवाल्याची चाचांकडे थकलेली बाकी आमच्या खात्यावर चढली आणि आमचा माल अडला. टपाल इकडचं तिकडे जाऊ लागलं. दोन वर्षं ईदला दोन्ही घरांतला शीरखुर्मा एकमेकांकडे गेला नाही. तेव्हापासून मला प्रश्न पडलाय की नाव नेमकं कोणाचं असतं? जो आधी पाटी लावतो त्याचं, की ज्याच्या बापजाद्यांनी ते कमावलं त्या सगळ्यांचं?

आपल्याकडची ही आडनावं पाहा. अत्तार, तांबोळी, बागवान, मणेर, पिंजारी, शिकलगार, मुलाणी. सातारा-सांगलीच्या कुठल्याही बाजारात ही नावं दुकानांवर दिसतात. ही मुळात कामांची नावं आहेत. जुन्या गावगाड्यात त्यांचा घोटाळा होत नसे, कारण एका गावाला एक किंवा दोनच घरं पुरत. बलुते-अलुतेदारांच्या याद्या प्रांताप्रांताला बदलतात, पण मुलाणी आणि तांबोळी त्यांत बऱ्याच ठिकाणी सापडतात. 'तांबोळ्याकडनं पान आण' म्हटलं की कुठला तांबोळी हे विचारावं लागत नसे.

शिवाय ते काम म्हणजे वतन असे. गावातलं काम करण्याचा आणि त्याचा मोबदला घेण्याचा तो वंशपरंपरेचा हक्क होता. परका येऊन तेच काम करू लागला किंवा भावाभावांत वाटणीवरून तंटा झाला, तर प्रकरण गोतसभेपुढे जाई. तिथे गावचे लोक, वतनदार आणि शेजारच्या गावची माणसं साक्षीला बसत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. लक्षात घ्या, हक्क शब्दावर नव्हता, गावावर होता. शेजारच्या गावात दुसरा मुलाणी असला तर कोणाचं काही बिघडत नसे.

हे सगळं विस्कटलं ते बाजारपेठा वाढल्यावर. दहा गावांतली दहा अत्तार घरं तालुक्याच्या एका रस्त्यावर आली. गाव मागे राहिलं आणि नाव तेवढं सोबत आलं.

या गोष्टीचं सगळ्यात बोलकं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, मिरजेत आहे. तिथे शिकलगार होते. तलवारी, भाले, कट्यारी घडवणं आणि त्यांना धार लावणं हे त्यांचं काम. इंग्रजी अंमल आला, हत्यारांची मागणी आटली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीत हात घातला आणि पुढे सतार, तंबोरा बनवू लागले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला. पोलादावर बसलेला हात लाकडावर आणि पंढरपूरकडच्या भोपळ्यावर बसला. पुढे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. १९३७ मध्ये ते वारले, त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षी तिथे गाणं होतं. मिरज हे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं गाव झालं.

आणि शिकलगारांचे 'सितारमेकर' झाले. अर्धं फारसी, अर्धं इंग्रजी असं हे आडनाव. पिढ्या वाढल्या तशी दुकानंही वाढली आणि प्रत्येकाच्या पाटीवर सितारमेकर आलं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका चहावाल्याला विचारलं, "सितारमेकर कुठे राहतात?" तो हसला, "साहेब, ह्या गल्लीत सितारमेकर सोडून कोण राहतं ते विचारा!"

मग गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? मिरजेने यावर साधा उपाय केला. आडनाव सगळ्यांचं आणि त्याच्या पुढचं नाव ज्याचं त्याचं. कुणी आजोबाचं नाव लावलं, कुणी बापाचं, कुणी 'अँड सन्स' जोडलं. बाकीची ओळख कामातून पटते. जवारी कोणाच्या हातची आहे हे तंबोरा छेडला की जाणकाराला कळतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. हे मानांकन एका दुकानाची मालकी नसते, ते त्या गावच्या कसबाचं असतं. सांगलीच्या बेदाण्याला आणि हळदीला ते आधीच मिळालं आहे. मला यात जुनी वतनाची कल्पनाच नव्या कपड्यांत दिसते. नाव माणसाचं नाही, गावाचं. फरक इतकाच की वतन भावाला बाहेर ठेवायला वापरता येई, आणि हे मानांकन गावातल्या पात्र कारागिरांना आत घेतं.

कोर्टाच्या गोष्टी मात्र वेगळ्या. स्वतंत्र भारतात नावाच्या भांडणाचे दोन निकाल वकील आजही सांगतात. पहिला १९५९ चा. योगायोग असा की त्यात आमच्या गावाचं नाव दडलेलं आहे! 'ग्लुकोविटा' नावाची ग्लुकोज पावडर बाजारात होती आणि मुंबईच्या एका बिस्किटवाल्या कंपनीला 'ग्लुविटा' हे नाव नोंदवायचं होतं. सुप्रीम कोर्टाने ते नाकारलं. तर्क सोपा होता. गिऱ्हाईक दोन डबे शेजारी ठेवून तपासत नाही. ते अर्धवट आठवणीवर माल घेतं.

दुसरा १९६२ चा. 'अमृतधारा' हे मूळचं लाहोरचं प्रसिद्ध औषध. कानपूरचा एक माणूस १९२३ पासून 'लक्ष्मणधारा' विकत होता. कोर्ट म्हणालं की नावं फसवण्याइतकी सारखी आहेत. पण अमृतधारावाल्यांना हे कित्येक वर्षं माहीत होतं आणि ते गप्प बसले. म्हणून लक्ष्मणधाराची नोंदणी राहू दिली, मात्र उत्तर प्रदेशापुरती. हा निकाल वाचला आणि मला गोतसभा आठवली. तू तुझ्या मुलखात वीक, हा माझ्या मुलखात विकेल.

आमच्या वकिलांनी तेव्हा अब्बांना दोन गोष्टी सांगितल्या. एक, शॉप ॲक्टचं लायसन म्हणजे नावाची मालकी नव्हे. आजही कित्येक दुकानदारांचा हा गैरसमज असतो. दोन, प्रामाणिकपणे स्वतःचं नाव लावून धंदा करणाऱ्याला कायदा सहसा अडवत नाही. तशी तरतूद जुन्या कायद्यात होती, १९९९ च्या कायद्यातही कलम ३५ मध्ये आहे. "भाऊ मुद्दाम फसवतोय हे दाखवता येईल का?" वकिलांनी विचारलं. अब्बा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "नाही. तो धंद्यात कच्चा आहे, पण लबाड नाही." तिथेच केस संपली.

शेवटी वाट दाखवली ती एका गलाईवाल्याने. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी गावांतून सोनं-चांदी गाळायला बाहेर पडलेली माणसं आज भारतभरच्या सराफ बाजारांत आहेत. अब्बांचे एक दोस्त दक्षिणेत गलाईचं काम करत आणि सणाला गावी येत. ते म्हणाले, "आमच्यात नावावर कोण जातंय? सोनं आगीत घातलं की टंच कळतो. टंचाच्या चिठ्ठीवर ज्याची सही, त्याचा माल. तुम्ही दोघं पाटीचं भांडण सोडा आणि चिठ्ठीचं बघा." आज सोन्याच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा हॉलमार्क क्रमांक असतो, १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. हिशोब तोच, दुकानाचं नाव काही असो, मालावर ज्याची त्याची खूण हवी.

मग एका जुम्म्याच्या नमाजनंतर अब्बा आणि चाचा मशिदीच्या ओट्यावर बसले. दोन्ही पाट्यांवर 'अत्तार' राहिलं, पण आमच्या पाटीवर माझ्या आजोबांचं नाव आलं आणि चाचांच्या पाटीवर त्यांच्या वडिलांचं. ते दोघे सख्खे भाऊ होते. प्रत्येक पुडीवर आपापला रबरी शिक्का मारायचा ठरलं. होलसेलवाल्याला दोघांनी मिळून एकच पत्र लिहिलं आणि खाली दोघांनी सह्या केल्या. चाचांनी शिकेकाईचा व्यापारी बदलला. त्या ईदला शीरखुर्मा आला, आणि अम्मीने डबा रिकामा परत पाठवला नाही.

विट्यात दसऱ्याला रेवणसिद्धाच्या दोन पालख्यांची शर्यत लागते. देव एकच, नाव एकच, पण मूळस्थानची पालखी कुठली आणि विट्याची कुठली हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. नाव एक असलं म्हणून घोटाळा होत नाही. खूण नसली की होतो, आणि बोलणं बंद पडलं की वाढतो.

अब्बा आता नाहीत. दुकान धाकटा भाऊ बघतो. आता नवा घोटाळा सुरू झाला आहे. गिऱ्हाईक मोबाईलमध्ये 'अत्तार' शोधतं आणि पैसे भलत्याच अत्ताराला पाठवतं. मागच्या महिन्यात चाचांच्या मुलाचा फोन आला, "भाईजान, तुमचे तीनशे चाळीस रुपये माझ्याकडे आलेत. परत पाठवू, का घ्यायला येताय?"

मी म्हणालो, "येतो. चहा टाक."