दीडशेत एक आणि चारांत तीन

आमच्या भाच्याचं मूत्रपिंड बदललं. नवं मूत्रपिंड शरीराने परकं म्हणून नाकारू नये यासाठी त्याला आता जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आहेत. "डासांपासून जपा," असं डॉक्टरांनी बजावलं तेव्हा मला हसू आलं होतं. मग वाचायला बसलो आणि हसू मावळलं.

१९३७ साली युगांडाच्या वेस्ट नाईल जिल्ह्यात, तापाने आजारी असलेल्या एका बाईच्या रक्तात एक विषाणू सापडला. जिल्ह्याचंच नाव त्याला मिळालं. तो पसरतो डासांमार्फत. लागण झालेल्या पाचांपैकी चौघांना काहीच जाणवत नाही. साधारण दीडशेत एखाद्याच्याच मेंदूपर्यंत तो पोचतो. १९९९ साली तो न्यूयॉर्कमध्ये उगवला.

ऑगस्ट २००२ मध्ये अमेरिकेत एकाच मृत दात्याची दोन मूत्रपिंडं, हृदय आणि यकृत चौघांना बसवलं. चौघेही आजारी पडले. तिघांच्या मेंदूला सूज आली, त्यातला एक दगावला. पुढे उलगडा झाला: त्या दात्याला उपचारात ६३ जणांचं रक्त दिलं होतं आणि त्यातल्या एकाच्या रक्तात हा विषाणू होता. २००३ पासून तिथे दान केलेलं रक्त यासाठी तपासू लागले.

विषाणू तोच. पण कुठे दीडशेत एक आणि कुठे चारांत तीन! जी गोळी नवा अवयव राखते, तीच दाराचा पहारेकरी झोपवते. माणसांसाठी याची लस अजून नाही, नेमकं औषधही नाही.

भाच्याला आज मच्छरदाणी धाडली. गोळी मात्र चुकवू नकोस, हेही लिहिलंय.