ग्रॅनी अ‍ॅनेक्सवरील करआकारणी (युनायटेड किंग्डम)

ग्रॅनी अ‍ॅनेक्स म्हणजे राहत्या घराला जोडून किंवा त्याच्या बागेत, बहुधा वृद्ध अथवा अपंग नातेवाइकासाठी, बांधलेले छोटे स्वयंपूर्ण घर होय. युनायटेड किंग्डममध्ये अशा घरासाठी वेगळा कर नाही. ते मुख्य घराचा भाग आहे की स्वतंत्र निवासस्थान, हे प्रत्येक कर आपापल्या निकषांवर ठरवतो. त्यामुळे एका करात लाभदायक ठरणारी अट दुसऱ्या करात भार वाढवू शकते.

कौन्सिल टॅक्स

इंग्लंड व वेल्समध्ये स्वयंपूर्ण अ‍ॅनेक्सची या स्थानिक करासाठी सामान्यतः स्वतंत्र निवासस्थान म्हणून नोंद होते. तेथे मुख्य घरातील रहिवाशाचा अवलंबित नातेवाईक राहत असल्यास कर माफ होतो. वयाची ६५ वर्षे ओलांडलेली, कायमस्वरूपी अपंग किंवा गंभीर मानसिक दुर्बलता असलेली व्यक्ती अवलंबित मानली जाते. कुटुंबातील इतर सदस्य राहत असल्यास इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०१४ पासून ५० टक्के सवलत मिळते. बांधकाम परवानगीतील अटींमुळे वेगळे भाड्याने देता न येणारे अ‍ॅनेक्स रिकामे असतानाही करमुक्त असते.

मूल्यवर्धित कर

नवीन निवासस्थानाच्या बांधकामावर शून्य दराने कर लागतो. मात्र परवानगीत स्वतंत्र वापरास किंवा विक्रीस मनाई असल्यास हा लाभ मिळत नाही व २० टक्के दर लागू होतो. रिकाम्या अ‍ॅनेक्सला कौन्सिल टॅक्समधून सूट मिळवून देणारी अट अशा प्रकारे बांधकामाचा खर्च वाढवते.

भांडवली नफा कर

मुख्य निवासस्थान आणि सामान्यतः ०.५ हेक्टरपर्यंतची बाग यांच्या विक्रीवरील नफ्यास सूट आहे. बॅटी विरुद्ध वेकफील्ड (१९८१) खटल्यात आवारातील देखभाल करणाऱ्याचा बंगला निवासस्थानाचा भाग मानला गेला. लुईस विरुद्ध रूक (१९९२) खटल्यात सुमारे १७५ मीटर दूर असलेल्या माळ्याच्या घराला मात्र सूट नाकारण्यात आली. अवलंबित नातेवाइकाला विनामूल्य दिलेल्या घरावरील जुनी सूट ६ एप्रिल १९८८ पूर्वीपासून तशा वापरात असलेल्या घरांपुरतीच उरली आहे.

वारसा कर

पालकांनी मुलांच्या जागेतील बांधकामासाठी पैसे दिल्यास ती रक्कम सामान्यतः भेट ठरते. देणारी व्यक्ती त्यानंतर ७ वर्षे हयात राहिल्यास त्या भेटीवर वारसा कर लागत नाही.