जंतुनाशापासून जंतुरक्षणापर्यंत : पिंपरी-भोसरी परिसरातील संशोधनाचा एक अध्याय

पिंपरी हे नाव मराठी वाचकाच्या मनात कारखानदारीशी निगडित आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅटिन नामावलीतही त्याला स्थान आहे, ही गोष्ट मात्र सहसा ध्यानात येत नाही. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलीनचे उत्पादन हा त्याचा मूळ हेतू होता. तेथील संशोधक एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांना स्थानिक मातीत एक सूक्ष्मजीव आढळला व त्याचे नाव ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’ असे ठेवण्यात आले. १९६०च्या सुमारास त्यापासून मिळविलेल्या बुरशीनाशक द्रव्याला संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘हॅमायसिन’ हे नाव मिळाले. कँडिडा नामक बुरशीमुळे होणाऱ्या योनिदाहावर या औषधाचा उपयोग होऊ लागला.

या कालखंडातील वैद्यकाची दृष्टी नाशाची होती. जंतू म्हणजे शत्रू, आणि औषध म्हणजे त्याचा संहार, हे समीकरण सर्वमान्य होते. वस्तुतः त्याला छेद देणारे निरीक्षण फार पूर्वीच झालेले होते. जर्मन प्रसूतिशास्त्रज्ञ आल्बेर्ट ड्योडरलाइन याने १८९२ साली निरोगी योनिस्रावातील दंडाकार जीवाणूंचे वर्णन केले व हे जीवाणू आम्ल निर्माण करून इतर जंतूंना रोखतात, असे दाखविले. लॅक्टोबॅसिलस या नावाने पुढे परिचित झालेल्या या जीवाणूंमुळे योनीतील पीएच सामान्यतः ३.५ ते ४.५ इतका राहतो. त्यांची संख्या घटली की अन्य जीवाणू बळावतात, आम्लता उतरते आणि एचआयव्हीसह अनेक संसर्गांचा धोका वाढतो. प्रतिजैविकांच्या वापरानंतर बुरशीचा दाह उद्भवतो, या अनुभवानेही नाशाच्या मार्गाची मर्यादा स्पष्ट केली होती.

जंतूंप्रमाणेच वंगणाकडेही पाहण्याची दृष्टी दीर्घकाळ अपुरी राहिली. आयुर्वेदात योनिव्यापदांचे वीस प्रकार मानले असून तैलात भिजविलेला ‘पिचु’ हा त्यांवरील एक उपचार होय. तेथे ‘स्नेह’ हा शब्द तेलतुपाला लावला जातो. मराठीत मात्र ‘वंगण’ म्हटले की यंत्र डोळ्यांपुढे येते. यंत्राचे वंगण घर्षण कमी करते, आणि त्याने तेवढेच करावे अशी अपेक्षा असते. हीच कल्पना नकळत देहालाही लावली गेली. ज्या पदार्थात औषध नाही तो निरुपद्रवी, असे गृहीत धरले गेले.

या गृहीतावर पहिला मोठा आघात शुक्रजंतुनाशक नॉनऑक्सिनॉल-९ या द्रव्याने केला. ते एचआयव्हीपासून संरक्षण देईल अशी आशा होती. परंतु आफ्रिका व थायलंड येथील चाचणीचे जे निष्कर्ष २००० साली जाहीर झाले, त्यांत वारंवार वापर करणाऱ्या स्त्रियांमध्ये धोका वाढलेला आढळला. जो पदार्थ जंतू मारतो तो आवरणपेशींना व रक्षक जीवाणूंनाही इजा करू शकतो, हे यावरून प्रत्ययास आले.

पिंपरीपासून काही किलोमीटरांवर, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत, १९९२ साली राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली होती. तेथील संशोधकांच्या सहभागाने ‘बफरजेल’ची प्राथमिक सुरक्षा-चाचणी झाली. भारताखेरीज थायलंड, मलावी व झिंबाब्वे येथेही ती झाली व तिचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले. वीर्य क्षारधर्मी असते. त्याच्या संपर्कातही योनीची आम्लता टिकून राहावी, अशी या जेलची रचना होती. जंतू मारण्याऐवजी रक्षक जीवाणूंचे कार्य चालू ठेवणे, हा त्यामागील विचार होय. पुढे २००९ साली निष्कर्ष जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत बफरजेलने एचआयव्हीपासून संरक्षण मिळत नाही, असे दिसून आले. विचार योग्य असूनही उपाय अपुरा ठरला. २००६-०७ या काळात पुण्यासह अमेरिकेतील दोन केंद्रांवर एकूण २०० स्त्रियांवर टेनोफोविर जेलची सुरक्षा-चाचणी झाली. तुलनेसाठी दिलेला जेल हायड्रॉक्सिएथिल सेल्युलोजचा होता. औषधाविना असलेला जेलही तटस्थ असावा म्हणून तो मुद्दाम सिद्ध करावा लागला, ही बाब विशेष अर्थपूर्ण आहे.

कारण बाजारातील सामान्य जेली तटस्थ नव्हत्या. ग्लिसरीन व प्रोपिलीन ग्लायकॉल यांच्या आधिक्यामुळे त्यांतील अनेकांची परासरणता रक्ताच्या कित्येक पट असते. असे द्रव्य पेशींतील पाणी ओढून घेते व आवरण दुबळे करते. क्लोरहेक्सिडीनयुक्त जेलीने प्रयोगशाळेत लॅक्टोबॅसिलसचा नाश झालेला आढळला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली परासरणता शक्यतो ३८० च्या आत आणि फार तर १२०० मिलिऑस्मोल प्रति किलोग्रॅम असावी व पीएच सुमारे ४.५ असावा, असे सुचविले. प्रयोगशाळेतील निष्कर्ष देहाला जसेच्या तसे लागू होत नाहीत हे खरे. तथापि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या लॉस एंजेलिस येथील अभ्यासात पेट्रोलियम जेलीचा वापर व जीवाणुजन्य योनिविकार यांचा संबंध दिसून आला. घरगुती म्हणून निर्धोक, हा समजही त्यामुळे तपासून पाहावा लागतो.

या इतिहासाला भाषेचे एक अंग आहे. मराठी स्त्री ‘अंगावरून पांढरे जाते’ असे म्हणते. या वाक्प्रयोगात ना अवयवाचा उल्लेख आहे, ना कारणाचा. ‘श्वेतप्रदर’ हा ग्रंथातील शब्द तिच्या तोंडी नसतो. निरोगी स्राव, बुरशीचा दाह व जीवाणूंचा असमतोल ही तिन्ही या एकाच प्रयोगात सामावतात. उपचार मात्र तिन्हींचे भिन्न आहेत, आणि पहिल्याला तर उपचारच नको. चाचणीत सहभागी होणारीची संमती असो वा दवाखान्यातील तक्रार असो, तिचे मोल या शब्दांच्या नेमकेपणावर अवलंबून असते.

तात्पर्य, पिंपरीच्या कारखान्यापासून भोसरीच्या संस्थेपर्यंतचे अंतर केवळ किलोमीटरांचे नाही. एका ठिकाणी सूक्ष्मजीवापासून औषध घडले. दुसऱ्या ठिकाणी देहातील सूक्ष्मजीवांना औषधापासून जपण्याचा विचार रुजला. ‘जंतू’ या शब्दाला चिकटलेला शत्रुभाव मराठीत अद्याप कायम आहे. तो सुटल्याशिवाय या नव्या ज्ञानाचा लाभ ज्यांच्यासाठी ते मिळविले गेले त्या स्त्रियांपर्यंत पोहोचणे कठीण आहे.