लहान मुलांच्या कपड्यांची वही : मापे, नोंदी आणि देवघेव

घरात दोन-तीन लहान मुले असली, किंवा एकाच कुटुंबातली नातवंडे वडोदरा, पुणे आणि परदेश अशी विखुरलेली असली, की कपड्यांबाबत तीन प्रश्न वारंवार उभे राहतात. कोणता कपडा आता कोणाला येईल, तो कुठे ठेवला आहे, आणि तो मुळात कोणाचा आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कपाट उपसून मिळतात. तिसऱ्याचे मिळत नाही, आणि नात्यात कुरबुर होते ती त्यावरूनच.

आमच्या घरी यासाठी एक वही आहे. मी बँकेत असताना कर्जदारांच्या मालाची स्टॉक स्टेटमेंट तपासत असे, त्यामुळे वहीची कल्पना सुचायला हवी होती, पण ती सुचली चूक झाल्यावरच. एका दसऱ्याला माळ्यावरची सुटकेस काढली, तर तीत नातवासाठी आलेले तीन नवे जोड किमतीच्या चिठ्ठीसकट निघाले. लेबलवर दोन ते तीन वर्षे. नातू तेव्हा सव्वाचार वर्षांचा होता. सूनबाई म्हणाली, "बाबा, हे आले तेव्हा मोठे होत होते, म्हणून मीच वर ठेवले होते." ठेवले कोणी हे आठवले, कधी काढायचे हे कोणीच लिहिले नव्हते.

लेबलवरच्या आकड्याचा अर्थ

आपल्याकडे एकाच दुकानात चार प्रकारचे आकडे भेटतात. मंगळबजार, नवाबजारात फ्रॉकचा २० किंवा २२ नंबर मागितला, तर तो बहुधा खांद्यापासून घेरापर्यंतच्या लांबीचा, इंचांत असतो. २० नंबर म्हणजे जवळपास ५१ सेंटिमीटर. शाळेच्या शर्टाचा २४, २६, २८ हा आकडा बहुधा छातीचा असतो, तोही इंचांत. बनियनचे ५०, ५५, ६० हे छातीचेच, पण सेंटिमीटरमध्ये. म्हणून एकाच मुलाला २४ नंबरचा शर्ट आणि ६० नंबरचे बनियन येते, आणि नवीन आजोबा गोंधळतात. दुकानदाराला "हा नंबर लांबीचा की छातीचा?" एवढे विचारले की काम होते.

ब्रँडेड कपड्यांवर वय असते. हे सर्वांत फसवे. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा, त्यामुळे एकीचे ३-४ वर्षे दुसरीच्या ४-५ वर्षांएवढे निघते. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने (निफ्ट) भारतीय शरीरमापांची 'इंडियासाइझ' ही पाहणी हाती घेतली, पण ती १५ ते ६५ या वयोगटासाठी. लहान मुले तीत नाहीत.

परदेशातून आलेल्या कपड्यांत युरोपीय पद्धत मला सर्वांत सरळ वाटते. तिथला आकडा म्हणजे मुलाची उंची, सेंटिमीटरमध्ये : ५६, ६२, ६८, ७४, ८०, ८६, ९२, ९८, १०४, ११०, ११६. प्रत्येक पायरी ६ सेंटिमीटरची. अमेरिकन लेबलवर २टी, ३टी, ४टी असते. त्यातला 'टी' टॉडलरचा, म्हणजे नुकत्या चालू लागलेल्या मुलाचा. ४टी आणि नुसता ४ यांत फरक असा की टीच्या कपड्यात बसक्या भागाला डायपरसाठी जागा सोडलेली असते. परदेशातल्या मुलीला किंवा सुनेला माप कळवताना वय न कळवता उंची कळवावी. वय विचारून आणलेले कपडे आमच्याकडे निम्म्या वेळा चुकले, उंची कळवल्यापासून एकदाच चुकले.

मूल किती भरभर वाढते

बाळ जन्मते तेव्हा साधारण ५० सेंटिमीटर असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या वाढ-प्रमाणांनुसार (त्यासाठी मोजलेल्या मुलांत दिल्लीची मुलेही होती) सरासरी उंची एका वर्षाला ७५, दोन वर्षांना ८७, तिसऱ्याला ९६, चौथ्याला १०३ आणि पाचव्याला ११० सेंटिमीटरच्या आसपास असते. मुली यापेक्षा किंचित कमी. पुढे वयात येईपर्यंत वर्षाला ५-६ सेंटिमीटर.

याचा ६ सेंटिमीटरच्या पायऱ्यांशी हिशेब मांडला की चित्र स्पष्ट होते. पहिल्या वर्षात चार साईझ बदलतात, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात दीड, पाचव्यानंतर वर्षाला एक. म्हणजे बारशाला आलेल्या पंधरा झबल्यांना प्रत्येकी तीन महिन्यांपेक्षा जास्त आयुष्य नाही. नंतर मुलींची अकरा-बाराच्या सुमारास आणि मुलांची तेरा-चौदाच्या सुमारास पुन्हा एक उडी येते, तेव्हा पँट सहा महिन्यांत घोट्याच्या वर जाते.

म्हणून वही किती वेळा उघडायची, हेही वयावर ठरवावे. पहिल्या वर्षी दर दोन-अडीच महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी चार महिन्यांनी, पुढे वर्षातून तीनदा. आपल्या वडोदऱ्याच्या हवामानाला आणि सणांना धरून तीन वेळा ठरतात : मेच्या मध्याला (जूनमध्ये शाळा सुरू होतात तिथे गणवेशासाठी), गणपती गेल्यावर (नवरात्र आणि दिवाळी), आणि डिसेंबरच्या सुरुवातीला. स्वेटरचा हिशेब वेगळाच. इथे थंडी जेमतेम दीड-दोन महिने. अगदी मापाचा स्वेटर घेतला, तर तो पुढच्या डिसेंबरला लहान होतो, म्हणजे एका स्वेटरला एकच हिवाळा. एक साईझ मोठा घेऊन बाही दुमडावी, दोन हिवाळे निघतात.

मोजायचे कसे

मुलाची तीन मापे पुरतात : चप्पल-बूट काढून भिंतीला टेकवून उंची, छाती, कंबर. कपडा जमिनीवर सपाट पसरून मोजावा. एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंतचे अंतर दुप्पट केले की कपड्याची छाती. लांबी खांद्याच्या शिवणीपासून खाली. इलास्टिकची कंबर न ताणता मोजावी. शर्ट-फ्रॉकची छाती मुलाच्या छातीपेक्षा सात-आठ सेंटिमीटर जास्त असली की कपडा सैल, मोकळा बसतो. सुती होजिअरी पहिल्या धुण्यात आटते, म्हणून नव्या कपड्याचे माप धुतल्यानंतरच वहीत लिहावे.

लेबल कापून टाकायची सवय अनेक घरांत असते, मानेला टोचते म्हणून. कापावे, पण त्याआधी साईझ आतल्या शिवणीवर धोब्याच्या शाईच्या पेनाने लिहावा. गणवेशावर मुलाचे नाव लिहावे, इयत्ता-तुकडी लिहू नये. ती दर वर्षी बदलते.

वहीचे रकाने

आमच्या वहीत आठ रकाने आहेत : अनुक्रमांक, वस्तू, लेबलवरचा साईझ, मोजलेले माप, कोणाकडून आले, आता कोणाकडे किंवा कुठे, परत हवे का, शेरा. पिशवी किंवा पेटीलाही नंबर असतो, आणि पेटी वयाने न भरता साईझने भरायची. सूनबाई हेच मोबाईलवर गूगल शीटमध्ये ठेवते, फोटोसकट, आणि पुण्याच्या मुलीलाही ते दिसते. मला वही बरी वाटते. दोन्ही ठेवल्याने काही बिघडत नाही, फक्त महिन्यातून एकदा ताळा करावा लागतो.

'परत हवे का' हा रकाना आधी नव्हता. तो का आला ते सांगायला हवे.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी कपाटे आवरायला काढली. तोकडे झालेले दोन गाठोडी कपडे दारावर आलेल्या बोहारणीला दिले आणि स्टीलचे एक चांगले जाड पातेले घेतले. सौदा फायद्याचा झाला असे मला वाटले. चार महिन्यांनी भाचीला दुसरी मुलगी झाली. तिने फोनवर विचारले, "मामा, आईने शिवलेली कुंची तुमच्याकडे आहे ना? बारशाला तीच घालायची आहे." माझ्या बहिणीने ती कुंची आजारपणात, पलंगावर बसून शिवली होती. पहिल्या नातीसाठी. पुढे ती आमच्या नातवाला घालायला म्हणून आमच्याकडे आली आणि राहिली. बहीण तोवर गेली होती. कुंची गाठोड्यात होती की नाही हे मला आठवत नव्हते, पण घरात कुठेच नव्हती. भाची एवढेच म्हणाली, "असू दे मामा." मी पुढचे पंधरा दिवस त्या बोहारणीची वाट पाहिली. ती आली, पण माल केव्हाच पुढे विकला गेला होता. पातेले अजून आहे. आमच्या घरात त्यात काही शिजत नाही.

तेव्हापासून नियम असा. कपडा घरात येतानाच, देणाऱ्याच्या समोर, 'परत हवे का' हे विचारून लिहायचे. विचारायला संकोच वाटतो, पण देणाऱ्यालाही स्वतःहून सांगायला तेवढाच संकोच असतो. बहुतेक जण "नको, नको" म्हणतात. शंभरातल्या चार-पाच कपड्यांबाबत मात्र उत्तर लगेच येत नाही, आणि ते 'हवे' समजावे. असे कपडे वेगळ्या पेटीत.

कोणता कपडा फिरवावा

सर्व कपडे देवघेवीच्या योग्यतेचे नसतात. बनियन, मोजे, चड्ड्या दुसऱ्या घरी देऊ नयेत. रोजचे टी-शर्ट एका मुलानंतर क्वचितच चांगले राहतात. फिरवायला सर्वांत चांगले ते, जे एकदा-दोनदाच घातले जातात. बोरन्हाणाचा काळा झगा हे उत्तम उदाहरण. आमच्या कुटुंबात एकच झगा पाच मुलांनी घातला आहे आणि अजून नवा दिसतो. (हलव्याचे दागिने मात्र जपून ठेवू नयेत, मुंग्या लागतात.) मुंजीतले रेशमी सोवळे न शिवलेले असेल, तर मापाचा प्रश्नच नाही, हल्ली शिवलेले, इलास्टिकचे मिळते, त्याची कंबर आणि लांबी लिहून ठेवावी.

आपल्या गावच्या नवरात्रामुळे मुलींच्या कपाटात परकर-पोलक्याशेजारी चणियाचोळी असतेच. चणियाला नाडी असते, त्यामुळे कंबर कमी-जास्त होते आणि एकच चणिया लांबी पुरेपर्यंत तीन-चार नवरात्रे चालतो. चोळी मात्र दर वर्षी किंवा वर्षाआड नवी लागते. म्हणून वहीत चणिया आणि चोळी या दोन वेगळ्या ओळी ठेवाव्यात. जोड म्हणून एका ओळीत लिहिले की हिशेब चुकतो. मुलांच्या केडियुला घेर असतो, तेही दोन वर्षे जाते.

शिवून घेताना शिंप्याला 'वाढत्या अंगाचे' असे सांगावे. शिवणीत आत सोडलेल्या जास्तीच्या कापडाला शिंपी 'माया' म्हणतात. बाजूला इंचभर माया आणि खाली तीन इंचांची दुमड ठेवली की कपडा दोनदा वाढवता येतो. परकराला पूर्वी आडवे टक घालत, एकेक टक उसवला की परकर लांब होई. आजही सांगितले तर घालून देतात. वहीच्या शेऱ्यात 'माया १ इंच' किंवा 'टक २ शिल्लक' असे लिहावे, नाहीतर वाढवता येण्याजोगा कपडा लहान झाला म्हणून दिला जातो.

ठेवणीतले कपडे

ठेवण्याआधी धुऊन कडक उन्हात वाळवावेत, स्टार्च करू नयेत. खळीला कसर लागते. दुधाचा डाग तेव्हा दिसला नाही, तरी सहा महिन्यांनी पिवळा पडतो, म्हणून गळ्याचा भाग दोनदा धुवावा. जरीचे कपडे प्लॅस्टिकमध्ये न ठेवता मलमलच्या फडक्यात गुंडाळावेत आणि दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, एकाच रेषेवर जर तुटते.

तान्ह्या बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या कधीही ठेवू नयेत. हा वैद्यकीय मुद्दा आहे. जी६पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांना नॅफ्थलीनच्या संपर्काने रक्तपेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते, आणि ही कमतरता आहे हे घरच्यांना आधी माहीत नसते. वेखंडाची पुरचुंडी किंवा वाळलेला कडुनिंबाचा पाला ठेवावा. दुसऱ्या घरून आलेल्या कपड्यांना डांबराचा वास येत असेल, तर बाळाला घालण्याआधी धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात टाकावेत.

कपडा देऊन टाकला की त्या ओळीवर तारीख घालून लाल शाईने रेघ मारावी, ओळ खोडून काढू नये. दोन वर्षांनी कोणी विचारले तर कोणाकडे गेला हे सांगता येते. वही भरली की नव्या वहीत फक्त चालू ओळी उतरवायच्या. आमची तिसरी वही या चैत्रात सुरू झाली. तिच्या पहिल्या पानावर 'परत हवे' अशा चौदा ओळी आहेत. त्यांतली पहिली भाचीच्या धाकट्या मुलीच्या झबल्याची आहे, साईझ ६२, आणि ते तिने आपणहून आमच्याकडे ठेवायला दिले आहे.